लवंगेएवढी तोफ

माघाचे कोवळे ऊन कृष्णेच्या पात्रावर चोरपावलांनी उतरले. धुके विरत होते. विरता विरता आधी पैलतीरीचा कळस दाखवीत होते, मग घाट, मग घाटाच्या पायऱ्यांशी टेकलेले पाणी. नदी रोडावलेली, नितळलेली, स्वतःशीच गुणगुणणारी. गुऱ्हाळांचा गोड-करपट धूर उसाच्या फडांवरून तरंगत येऊन सांगलवाडीच्या घराघरांत शिरत होता. माणसे निवांत, गुरे निवांत, पाणी निवांत.

निवांत नव्हती ती आसावरी.

नदीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी तिचे टेबल, टेबलावर तिची नौका. हातभर लांब, चार बोटे रुंद, बूड परातीसारखे सपाट. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात तैग्रिस नदीवरून धूर ओकत गेलेल्या वाफेच्या तोफनौकेची ही इवली प्रतिकृती. मूळ नौका शंभर हात, तर ही एक हात.

इतिहासात एम. ए. करताना ग्रंथालयातल्या एका धूळधूसर पुस्तकात तिला त्या नौकेचा आराखडा भेटला होता. समुद्रातले जहाज कसे, तीर सोडले की तीर विसरते. हिच्या नशिबी तसे विसरणे नव्हते. ही उथळ पाण्याची, अरुंद पाण्याची. दोन्ही तीर सदैव अंगाशी. कुठल्या खजुरीच्या बनातून गोळी सुटेल, कुठल्या वळणाआड मरण दबा धरून बसले असेल, नेम नाही. म्हणून चारी दिशांना चार तोफा आणि माथ्यावर भिरभिरणारा शोधदिवा. ही नौका कधी झोपलीच नसेल, असे आसावरीला तेव्हा वाटले होते. आता, अकरा महिन्यांच्या मनवाची आई झाल्यावर, तिला ते वाटत नव्हते, ठाऊक होते.

दुधावरची साय, दाराशी आलेले मांजर, पाळण्याची करकरणारी कडी, वाऱ्यातला गारवा... प्रत्येक गोष्ट तिला शत्रूचा तीर वाटे. लेक हसली तरी ती दचके, लेक गप्प झाली तरी दचके. नवरा निनाद पुण्याला नोकरीत, शनिवारी येणारा. तो फोनवर म्हणे, "अगं, पोरं अशीच मोठी होतात." अशीच म्हणजे कशी, हे मात्र त्याने कधी सांगितले नाही.

हात कामात बुडले की मन धक्क्याला लागे, एवढे तिला उमगले होते. म्हणून मनवा झोपली की ती बसे. सागाच्या पातळ पट्ट्या वाफेवर धरून वाकवी, सुताच्या ओळंब्याने डोलकाठी सरळ करी, संपलेल्या पेनांची दोन धुराडी घासून घासून काळी करी. मागचे पाणचाक तिने आइस्क्रीमच्या काड्यांचे केले होते. फुंकर घातली की ते फिरे. फिरे, थबके, पुन्हा फिरे.

आणि तोफा. पितळेच्या चार तोफा, कानशीने घडवलेल्या, एकेक लवंगेएवढी.

सासूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसत आणि तिथूनच त्यांचा तोफखाना सुरू होई. "माहेरी भातुकली खेळायची राहिली होती वाटतं?"

"भातुकलीत तोफा नसतात, आई."

"तेच म्हणते मी! बायका पोळपाट करतील, लाटणं करतील. ही बया तोफा करते. कुणावर डागणार आहेस गं? माझ्यावर?"

"तुमच्यासाठी चार पुरायच्या नाहीत."

मग दोघीही हसत. सासूबाईंचे हसणे मोकळे, आसावरीचे अर्धे. उरलेले अर्धे पाळण्याकडे लागलेले.

सुट्या भागांसाठी तिने जुना मसाल्याचा डबा घेतला होता. सात वाट्या. एकीत तोफा, एकीत दोर ओवायच्या कड्या, एकीत शोधदिव्याचा सेल, हरभऱ्याच्या डाळीएवढा, चपटा, करडा. डबा उघडताना ती मोजी, मिटताना मोजी. झाकण घट्ट बसल्याचा टक् असा आवाज ऐकल्याशिवाय ती टेबलावरून उठत नसे.

त्या सकाळी तो आवाज झाला नाही.

अंगणात वाऱ्याने दोरी सुटली, धुतलेल्या लंगोटांची पांढरी ओळ मातीत कोसळली. आसावरी उठली, थबकली, डब्याकडे वळली. "जा की तू," सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मी आहे ना इथं पोरीपाशी." ती गेली. सात लंगोट उचलण्याएवढाच वेळ. टेबलावर डब्याखाली पसरलेल्या वर्तमानपत्राचा एक कोपरा खाली लोंबत होता. मनवा रांगत आली, तिने तो पकडला आणि सगळा जोर लावून ओढला.

खणखणाट. सात वाट्यांचा, सात सुरांचा, घरभर विखुरलेला खणखणाट.

आसावरी आत धावली तेव्हा पितळ आणि ऊन जमिनीवर सारखेच चमकत होते. मनवा मधोमध बसलेली, हनुवटी लाळेने ओली. ती एकदा खोकली. मग आईकडे बघून दोनच दातांचे हसू हसली.

तोफा किती? एक, दोन, तीन. पुन्हा. एक, दोन, तीन. सेल? सेल कुठेच नाही.

तिने मनवाच्या तोंडात बोट फिरवले. जीभ, हिरड्या, मऊ टाळू. काही नाही. काही नाही. काहीच नाही.

आसावरीने वाचले होते. तिने सगळेच वाचलेले असे. भिणाऱ्या माणसाचे वाचन अफाट असते. पितळेचा तुकडा पोटातून वाट काढतो. सेल वाटच जाळतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत मऊ मांसाला भोक पाडतो. तोफ की सेल? की दोन्ही?

"आई, तुम्ही बघत होतात ना?"

सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. होळीनंतर काढायचे ठरले होते. त्यांनी सूप खाली ठेवले. "होते गं. होते... डोळे सुपात होते." मग त्या एकदम उठल्या. "तू दवाखाना गाठ. मी घर उलथंपालथं करते. जा! बघत काय बसलीस?"

रिक्षा पुलावर चढली. खाली कृष्णा, वर ऊन, मधे ती. पूल सरत नव्हता. कमानीमागून कमान, कमानीमागून कमान, आणि प्रत्येक कमानीखालून तेच संथ, निर्विकार, निळेकरडे पाणी. मनवा आईच्या खांद्यावरून वाकून पाण्याकडे हात करीत होती, हसत होती, आणि त्या हसण्याच्या तळाशी कुठेतरी, कुठेतरी एक करडी टिकली मुकाट जळत असेल... आसावरीने लेकीच्या गळ्यावर तळहात ठेवला. गरम होता. नेहमीसारखा की जास्त? जगातले सगळे तापमापक तिच्या एका तळहातात येऊन थरथरत होते.

दवाखान्यात क्ष-किरणांच्या खोलीबाहेर ती उभी होती तेव्हा फोन वाजला.

"सापडला!" सासूबाईंना धाप लागली होती. "सेल सापडला गं! माझ्या हातात आहे, हा बघ... म्हणजे तुला कसं दिसणार. पण आहे!"

"कुठं होता?"

पलीकडे सूप सरकल्याचा आवाज आला.

"डबा पडला तेव्हा सुपात उडाला असणार. मी तांदळातले खडे काढून उंबऱ्यावर ठेवत होते ना, त्या खड्यांत होता. मीच काढला होता, आसावरी. खडा म्हणून. तू विचारलंस तेव्हा माझ्या मांडीपासून वीतभर लांब होता."

आसावरी भिंतीला टेकून खाली बसली. रागवावे की रडावे हे ठरेपर्यंत दार उघडले आणि आतून हाक आली.

डॉक्टर शिरगुप्पे साठीच्या पुढच्या, केसांचा पांढराशुभ्र अंबाडा, कपाळावर चष्मा. त्यांनी काळी फिल्म प्रकाशावर लावली. आसावरीने पाहिले आणि पाहतच राहिली. काळोखाच्या पाण्यावर फासळ्यांच्या धूसर शुभ्र लाटा. लाटांखाली एक मऊ, अथांग, निनावी डोह. आणि त्या डोहात, एकटी, लखलखीत, रेखीव, एक लवंग.

"काय हो हे?"

"तोफ आहे."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "तोफ! बोट नाही ना गिळली?"

"बोट घरी आहे," आसावरी म्हणाली, आणि आपण हे गंभीरपणे म्हटले याचे तिला नंतर नवल वाटले.

"जठरात आहे, बोथट आहे, आणि तोंड खाली केलेलं आहे. म्हणजे स्वारी योग्य दिशेनं निघालीय. दोन-तीन दिवसांत बाहेर पडेल. उलटी, ताप, पोट फुगणं, यातलं काही दिसलं तर तडक यायचं. नाहीतर मऊ भात, केळं आणि प्रत्येक लंगोट तपासायचा. पहारा ठेवा."

पहारा! त्या शब्दाने तिला हसू येईना, रडू येईना. चारी दिशांवर नजर ठेवायला जी घडवली, जिच्यासाठी बोटे सोलली, तीच तोफ लेकीच्या आत जाऊन बसली होती. शत्रू खजुरीच्या बनात नव्हता. तो तिच्याच कानशीखाली, तिच्याच हातांनी, तिच्याच मायेने लखलखीत झाला होता.

घरी आल्यावर तिने नौकेवर जुने लुगडे टाकले. धुराडी त्याखाली उंचवटे होऊन उभी राहिली.

पहिला दिवस गेला. मनवा खेळली, जेवली, झोपली. आसावरी तिच्या पोटावर कान ठेवून बसली. आतून पाणी वाहावे तसा गुडगुड नाद येई. दुसरा दिवस गेला. ऊन आले, ऊन गेले, लंगोट आले, लंगोट धुतले, काही नाही.

आणि या दोन दिवसांत घरात एक गोष्ट घडत होती, न बोलता घडत होती. सासूबाई मनवाला घेत नव्हत्या. पोर त्यांच्याकडे रांगत जाई, गुडघ्याला धरून उभी राही, दोन्ही हात वर करी. आणि ज्या बाईने तिला पहिल्या दिवसापासून अंगाखांद्यावर वागवले, ती आपले हात पदराखाली घेई. "आईकडे जा बाळा, आईकडे." टोमणे थांबले होते. सुपातले तांदूळ न निवडता तसेच पडले होते. आसावरीला ते दिसत होते. एक शब्द पुरला असता. तो जिभेवर येई तेव्हा ती लंगोटांची बादली उचलून मोरीकडे वळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून हाक आली. हाक कसली, आरोळीच.

"आसावरी! अगं ये की लवकर! मला दिसली!"

ती धावली. सासूबाई दगडावर उकिडव्या बसल्या होत्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पाण्याची तिसरी बादली ओतत. त्यांच्या तळहातावर, सुरकुत्यांच्या नद्यांच्या संगमावर, लवंगेएवढी तोफ होती.

"मला दिसली," त्या पुन्हा म्हणाल्या. डोळे वाहत होते, धड डोळाही आणि आजारी डोळाही. "या डोळ्यांना दिसली गं."

आसावरी त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसली. आधी दोघी हसल्या की आधी रडल्या, हे मोरीलाही सांगता आले नसते.

"मग आता बंद का हे तुझं?" नाक पुसत सासूबाईंनी विचारले.

"नाही. टेबल माळ्यावर नेणार. बोट बिनकामाची बसवून कसं चालेल?"

"आणि तोफेचं तोंड माझ्या खोलीकडे नको," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता.

दुपार कलली. घाटावर ऊन पसरले होते, हळदीच्या रंगाचे, हळदीच्या वासाचे. सासूबाई कळशी घेऊन निघाल्या आणि दाराशी ती टेकवून थांबल्या. या घरात चाळीस वर्षांत त्यांनी कुणाची परवानगी मागितल्याचे कुणाला आठवत नव्हते.

"हिचे पाय पाण्याला लावून आणू का? तू म्हणशील तर. नाहीतर नको."

आसावरीच्या मनात एका क्षणात किती पायऱ्या निसटल्या, किती वेळा पाणी उसळले, किती वेळा ती किंचाळत धावली. घाट ओला. डोळा अधू. पोर चळवळी. तिने मनवाला उचलले, तिच्या मऊ पोटाला एकदा गाल लावला, आणि दोन सुरकुतल्या हातांत ते उबदार ओझे ठेवले.

"शेवटच्या पायरीला शेवाळ आहे, आई."

"माहितीय की गं. तिच्या वरच्या पायरीवरच बसते मी."

आसावरी मागोमाग घाटापर्यंत गेली आणि वरच्या पायरीवर बसून राहिली. तिचे पाय धावू पाहत होते, हात पुढे होऊ पाहत होते, ओठ सावध हाक मारू पाहत होते. आणि तरी ती बसून राहिली, मुठीत पदर घेऊन, दाताखाली ओठ घेऊन. खाली एक पांढरे पातळ आणि एक पिवळे झबले सावकाश, बेताबेताने, पायरीपायरीने उतरत गेले. थांबले. बसले. वाकले.

एक इवले पाऊल कृष्णेला टेकले. पाणी शहारले. त्याचे एक वलय झाले, वलयाचे दुसरे, दुसऱ्याचे तिसरे; रुंद होत, हलके होत, उन्हात सोनेरी होत, ती वलये दूरदूर गेली, आणि मग नदी झाली.