आमदारांचा खोकला

हार्म वीर्सेमा या माणसाला मी साडेपाच वर्षं दिली. इतका वेळ मी कोणत्याही जिवंत माणसाला दिलेला नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या उत्तरेकडच्या खेड्यातला हा शेतमजुराचा मुलगा विसाव्या वर्षी अमेरिकेत गेला आणि १९०६ साली मिशिगनच्या विधानसभेवर निवडून आला. दोनदा आमदार, नावावर एकच विधेयक, तेही दोन मतांनी तरलेलं. मग अचानक राजकारण सोडून तो सायकली दुरुस्त करत बसला. त्याने ते का सोडलं, हा माझ्या पीएचडीचा विषय.

बाबा सांगलीत इतिहासाचे शिक्षक होते. आई लवकर गेली, तेव्हापासून ते माझ्या भावाकडे, संजीवदादाकडे असायचे. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आमचे आमदार काय म्हणतायत?" आशूची, म्हणजे माझी चौकशी त्यानंतर.

गेल्या वर्षी उत्तर सापडलं. हार्मची आई फेब्रुवारी १९०९ मध्ये वारली, तेव्हा त्याचं विधेयक सभागृहात होतं. काम संपेपर्यंत पोराला कळवू नका, असं आईनेच मरताना बजावलं होतं. तिला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि धाकटी लेक आल्त्ये लिहायची, त्यामुळे अक्षर तेच राहिलं. आल्त्ये अडीच महिने आईच्या नावाने पत्रं पाठवत राहिली. विधेयक पास झाल्यावर तिने खरं कळवलं आणि हार्मने राजकारण सोडलं. फक्त एक गोष्ट तिच्याकडून राहून गेली. आई प्रत्येक पत्रात हार्मच्या खोकल्याबद्दल विचारायची, या पत्रांत खोकला कुठेच नाही. मी पहिल्याच वाचनात ते पकडलं आणि ऐटीत प्रबंधात लिहिलं, 'हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण त्याला स्वतःच्या कामापुढे काही दिसत नव्हतं.'

बाबांना हे मी फोनवर सांगितलं.

"बहिणीने योग्य केलं," ते म्हणाले.

"बाबा, त्याला कळायचा हक्क होता."

"होता ना. पण काम अडलं असतं गं."

बावीस मेला दुपारी माझा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. इथे नेदरलँड्समध्ये तो समारंभ असतो. झगे घातलेले प्राध्यापक पाऊण तास प्रश्न विचारतात, मग दंड घेतलेला चोपदार येऊन लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणतो, की अर्ध्या वाक्यात थांबायचं. बाबांना चोपदाराचं भारी कौतुक. लाइव्ह स्ट्रीम लावून संध्याकाळी सहाला पुढच्या खुर्चीत बसणार, असं त्यांनी कबूल केलं होतं. मला पदवीपेक्षा तेच हवं होतं, बाबांनी ते बघायला हवं होतं.

एप्रिलअखेरीस दादा म्हणाला, बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. बाबांच्या फोनवरून रोज मेसेज येत होते. जेवलीस का? थंडी आहे का? नीट तयारी कर. मी कामाच्या धबडग्यात अंगठ्याचा इमोजी पाठवून मोकळी होत होते.

डिफेन्समध्ये लायडनहून आलेल्या प्राध्यापक बाईंनी नेमकं तेच विचारलं. अडीच महिने त्याला कसं कळलं नाही? मी ठणकावून उत्तर दिलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. तेवढ्यात चोपदार आला.

निकाल जाहीर झाल्यावर मी बाहेर येऊन व्हिडिओ कॉल लावला. दादाने कॅमेरा बंद ठेवला होता.

"बाबांना दे. आणि कॅमेरा लाव."

"नंतर करू. तू आधी काहीतरी खाऊन घे."

"दादा, कॅमेरा लाव."

त्याने लावला. मे महिन्यात, सांगलीच्या उन्हाळ्यात, त्याच्या डोक्यावर टोपी होती. मी बघत राहिले, तेव्हा त्याने ती काढली. डोक्यावर नुकते खुंट आले होते.

"कधी?"

"एकोणतीस एप्रिलला गेले. हार्ट अटॅक. आधी दोन दिवस शुद्धीवर होते. आशूचं काम अडवायचं नाही म्हणाले. मला म्हणाले, त्या आमदाराच्या बहिणीने केलं तसं कर."

"आणि मेसेज?"

"मीच करत होतो गं."

मी मेसेज वर सरकवत गेले. तेवीस दिवसांत 'आमदार' हा शब्द एकदाही नव्हता.

वैदेही, माझी मैत्रीण, मागे येऊन उभी होती. तिच्याकडे बघताच कळलं, तिलाही माहीत होतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण रागवायला मला तोंड राहिलं नव्हतं. मी हमसून हमसून रडले. आत लोक हातात ग्लास घेऊन माझी वाट बघत होते.

छापलेल्या प्रबंधाच्या प्रती दाराशी टेबलावर रचल्या होत्या. मी खुर्ची ओढली, पहिली प्रत उघडली आणि एकशे चाळिसाव्या पानावरचं ते वाक्य पेनने खोडलं. मग दुसरी घेतली. वैदेही शेजारी बसून मला पान काढून देत राहिली.