कावीळ उतरवणारा कोंडाजी

"आबा, ही लघवी तुमचीच ना?" चैतालीने बाटली उजेडाकडे धरून विचारलं.

"बैलाची असती तर ढोराच्या डाक्टरकडं न्हेली असती. माजीच हाय, बये."

चैताली तपासनीस होती त्या लोणावळ्यातल्या लॅबमध्ये कोंडाजी उपरण्यात तोंड लपवून बसला होता. लपवणारच! अर्ध्या मावळाची कावीळ उतरवणारा माणूस तो. वसू नावाच्या रानरोपाच्या काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. माळ कावीळ खाऊन वाढते आणि गळ्यात उतरते. एका सावकाराची माळ तर म्हणे एवढी वाढली, की कुसगावातून सरपटत निघाली आणि भुशीच्या धरणावर पाणी प्यायला गेली! तो हे रंगवून सांगायचा, लोक हसायचे आणि पुढच्या खेपेला आणखी रोगी आणायचे. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. एवढंच गुपित. ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

चैतालीने पट्टी बुडवली, रंग ताडून पाहिला.

"आबा, लघवीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, उतरलंय. निरोगी माणसाच्या लघवीत ते सापडत नाही. यकृताला सूज असेल, नाहीतर पित्ताची वाट अडली असेल. खड्याने, किंवा गाठीने. डॉक्टर सोनोग्राफी सांगतील, ती लगेच करा."

"पर दुखत तर कायबी न्हाई."

"न दुखता पिवळं होणं कधी कधी जास्त वाईट असतं, आबा."

घरी आला तर ओट्यावर रतनबाई. शेजारी तिची सून सृष्टी, सातवा महिना, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे.

"आबा, हिला माळ घाला. चार घास पोटात ठरत न्हाईत."

कोंडाजीने पोरीची नखं पाहिली. मग स्वतःची. दोन्ही एकाच रंगाची.

"माळंत काय न्हाई, रतने. काड्या सुकत्यात, गाठी ढिल्या व्हत्यात. पोटुशी हाय ती. आत्ताच्या आत्ता तळेगावला दवाखान्यात ने."

रतनबाई पदर तोंडाला लावून हसली. "तुमची थट्टा काय जायची न्हाई! मंग आमच्या मालकांची कशी उतरली?"

"आपसूक. पुष्कळांची उतरती. पोटुशीचं तसं नसतंय, जिवावर बेततंय. आन् माजंच बघ की, लघवीत सापडलीया मला."

रतनबाईचं हसू मावळलं. "म्हंजी, तुमालाच झालीया?" तिने सुनेचा दंड धरला. "ऊठ गं. आबांच्या हाताचा गुण गेला. पल्याडच्या गावात माळ घालनारा दुसरा म्हातारा हाय."

"रतने, पाया पडतो तुज्या!"

कोंडाजी अनवाणी रस्त्यापर्यंत धावला. दोघींना घेऊन रिक्षा तळेगावच्या उलट दिशेला वळली. मागच्या फटीतून सृष्टी त्याच्याकडे बघत राहिली.

"काय आबा," पलीकडच्या टपरीवरून प्रदीप ओरडला, "आज कुनाची माळ कुटवर गेली?"

टपरीवरचे चौघे कान टवकारून बसले. कोंडाजी टपरीकडे न वळता, रिक्षा गेली त्या रस्त्याने अनवाणीच चालू लागला.