बिनमोरचुदाची खळ

“पावती सांभाळून ठेवली म्या,” माणिकबाईंनी पिशवीतून घडीचा कागद काढला. “बाबाची अठ्ठावन पत्रं. तुमच्याच हाती देली होती ना, भाऊ?”

सूर्यभानने मान हलवली. अमरावतीच्या या जुन्या ग्रंथालयात तो बत्तीस वर्षं पुस्तकांची बांधणी करत होता. अकोल्याची ही बाई त्याला चांगलीच आठवत होती. अकरा वर्षांपूर्वी घराचं छत गळायला लागलं, तेव्हा वडिलांची पत्रं कापडात गुंडाळून ती आली होती. घरी कसर लागेल, इथे जिवापाड जपतील, असं तिला वाटलं होतं.

“एकच पत्र पाहाचं हाय. मी झाली तवा बाबा धामणगावले जिनिंगात होते. पोरगी झाली म्हून घरचे हिरमुसले, अन् बाबानं मायले लिवलं, पेढे वाट. काचबिंदू झाला मले. डाक्टर म्हन्ते, दिवाळीपर्यंत राहीन नजर.”

सूर्यभानने कपाटातून त्या पत्रांचा, त्यानेच बांधलेला खंड काढला. पुठ्ठा ताठ होता, पाठीवरची सोनेरी अक्षरंही शाबूत होती. पण हातात घेताच खंड हलका लागला. टेबलावर उघडला तशी आतून भुकटी सांडली. शिवणीपासून कडेपर्यंत कागदाची चाळण झाली होती. एक ओळ धड नव्हती.

माणिकबाई पानं उलटत राहिल्या. उलटेल ते पान हातातच तुटत होतं.

“अशी कशी कसर लागली, भाऊ?”

खोटं बोलणं सोपं होतं. कसर काय, कुठेही लागते. पण त्या पावतीची घडी पाहून त्याला ते जमेना.

“बांधणीच्या खळीत मोरचूद टाका लागते, जहर असते ते, मंग कीड येत नाई. मी खळ घरीच शिजवत होतो. त्या साली नात रांगत होती. एकडाव तिनं खळीच्या गंजात हात घातला अन् बोटं चाटली. मोरचूद पडाचं होतं अजून, म्हून वाचली. मंग माही हिंमतच नाई झाली. सालभर बिनमोरचुदाचीच खळ लावली. कोनाले सांगतलं नाई.”

माणिकबाईंनी खंड मिटला.

“नात कशी हाय?”

“पाचवीत हाय.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसून सरळ त्याच्याकडे पाहिलं. “घरी खाल्ली असती कसरीनं, त मी सोताले बोल लावला असता. तुमच्या भरोशावर सोडली होती, भाऊ.”

त्या गेल्या. पावती टेबलावरच राहिली.

सूर्यभानने भुकटी गोळा करून खंडात भरली आणि तो त्याच्या नंबरावर लावला. शेजारी त्याच वर्षी बांधलेले तीसेक खंड ओळीने उभे होते, लोकांनी विश्वासाने आणून दिलेल्या कागदांचे. एक त्याने जरासा उचलून पाहिला. तोही हलकाच लागला. न उघडता त्याने तो परत जागेवर सरकवला.