महामायेची पहिली कॅसेट

मित्रांनो, मी वरवट बकालच्या जानरावांचा जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणा, पण भंगार म्हणू नका; त्या शब्दाने माझं डोकं फिरतं. एके काळी जयंतीला सारी वस्ती माझ्याच तोंडून भीमगीतं ऐकायची. पुढे मोबाइल आले आणि मी फडताळावर गेलो. बारा वर्षं धूळ खाल्ली. सेल आतल्या आत गळले, तरी कोणी पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग या घरची सून महामाया शेगावच्या एका दवाखान्यात मुलाखतीला गेली. नर्सिंग चांगल्या मार्कांनी पास झालेली पोरगी, पण डॉक्टरांनी इंग्रजीत विचारताच तिची बोबडी वळली. त्यांनी महिन्याने पुन्हा बोलावलं. ती शेवटची संधी होती. घरी येऊन ती गाईडमधली उत्तरं घोकू लागली. एक शब्द विसरला की पुढचं सगळं जायचं.

तिच्या सासूबाई, बनाबाई, तीन दिवस ऐकत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला खाली काढलं. तिचे सासरे जानराव यांनी सेलच्या खणातले माझे गंजलेले पत्रे घासून नवे सेल घातले.

"घोकू नको व. आज दिवसभर काय केलं, तेच इंग्रजीत सांग याले," बनाबाई म्हणाल्या.

"पन चुकलं त तुमाले काय समजीन, आई?"

"इंग्रजी नाही समजत. तू कुठी अडली, ते समजते मले."

महामाया रोज माझं लाल बटण दाबून दोन मिनिटं बोलायची. मी ते कॅसेटवर भरून घेऊन तेच ऐकवायचो, आणि ती जिथे अडली तिथे बनाबाई वाटीत तुरीचा एक दाणा टाकायच्या. मग अडलेला शब्द शोधून तेच पुन्हा बोलायचं. पहिल्या दिवशी चाळीस दाणे पडले. चौथ्या आठवड्यात सहा! माझा आवाज घरघरतो खरा, पण त्यात माझाही वाटा आहे, हे मी ठणकावून सांगतो.

मुलाखतीच्या दिवशी बनाबाई दुपारपासून उंबऱ्यात बसल्या होत्या. महामाया येताना दिसताच त्यांनी विचारलं, "किती दाणे?"

"दोन. पन थांबली नाही मी, आई! सोमवारपासून कामावर बोलावलं!"

जानरावांनी माझा आवाज पूर्ण वाढवून भीमगीत लावलं. बारा वर्षांनी वस्ती पुन्हा आमच्या दारात जमली. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मित्रांनो, जुन्या यंत्रात सेल विसरू नका, आणि स्वतःच्या आवाजाची लाज धरू नका. महामायेने पहिल्या दिवसाची कॅसेट जपून ठेवली आहे. तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीचा छोटा तुकडाही तिने मोडला आहे. परवा शेजारची मलिहा इंग्रजी शिकायला आली, तेव्हा महामायेने आधी तीच लावली.

"हे कोन व भाभी, इतकी अडखळून राह्यली?"

"मीच."

 मलिहा माझ्याजवळ सरकून बसली आणि माझं लाल बटण तिने स्वतःच दाबलं.