विटेएवढी पायरी

नेमगोंडांनी थापीवर माल घेतला, पण टाकण्याआधी ते वाकले आणि विटेवरच्या मुंग्या फुंकून बाजूला केल्या. फाटकाबाहेर उभे असलेले सयाजीराव हसले.

"आण्णा, अशानं सोपा पुढच्या दिवाळीला हुईल."

नेमगोंडांनी मान वर केली नाही. शेजारी असले तरी सयाजीराव म्हणजे साखर कारखान्यात जन्मभर खुर्ची गरम केलेला माणूस. घरातला दिवा बदलायलाही बाहेरून कुणाला तरी बोलावतो. त्याला उत्तर देणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं.

"आन् पायऱ्या लय बुटक्या झाल्यात की. शेरडं चढवायची हाईत काय?"

थापी विटेवर जरा जोरातच आपटली गेली.

घरापुढं सोपा पाहिजे, बसल्या बसल्या रस्ता दिसेल असा, हे त्यांच्या बायकोचं, रत्नाबाईंचं म्हणणं होतं. त्या गेल्या आणि वर्षश्राद्धासारखं काही करायच्या ऐवजी नेमगोंडांनी खडी, वाळू आणून टाकली. आधी एक गवंडी आणला होता. पायरी सहा-सात इंचाचीच लागते, असं तो तंबाखू मळत सांगू लागला. त्याला त्यांनी आल्या पावली परत पाठवला. मग मोबाइलवर एक हिंदी बोलणारा मनुष्य पाहिला. पांढरी पँट घालून सिमेंट कालवत होता आणि पँटीवर एक डाग नव्हता. असल्याकडून काय शिकायचं? माल किती घट्ट ठेवायचा ते मात्र नेमगोंडा त्याच्याकडूनच शिकले आणि तरी त्याला शिव्या देत राहिले.

पुण्याहून मुलगा, अरिहंत, फोटो मागायचा आणि आपल्या आर्किटेक्ट मित्राला दाखवायचा. मित्राचं म्हणणं, जोतं काही एवढं उंच नाही, तीन पायऱ्यांत भागलं असतं. उगाच मोटारीची जागा गेली.

"आप्पा, मी आलो की माणूस घेऊन येतो. पाडून तीनच करू."

"घेऊन ये. फाटकाला कुलूप असंल."

कारण सांगण्याच्या लायकीचा त्यांना कुणी वाटत नव्हता. खिडकीत एक वीट होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट शिवून टाकलेली. भट्टीवरून विटा आल्या तेव्हा नेमगोंडांनी एकेक वीट तिच्याशेजारी ठेवून पाहिली. त्याच जाडीची असेल ती घेतली, जाड निघेल ती बाजूला फेकली. एक आडवी वीट, एक पायरी. यात शिकण्यासारखं होतंच काय? गवंड्यांनी उगाच धंदा मोठा करून ठेवलाय. सात पायऱ्या लागतील असा त्यांचा अंदाज होता, पण पाचातच दार गाठलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःवर खूश होऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वर फरशी बसली. पोती पसरून आठवडाभर पाणी मारलं. पोती काढली त्याच दुपारी बनाबाई आल्या.

रत्नाबाई होत्या तेव्हा ही बाई रोज यायची, सगळ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. तिचा आवाज ऐकला की नेमगोंडा मागल्या दारानं बाहेर पडत. दोघींचे गुडघे एकदमच गेले. दोघी एकाच डॉक्टरच्या गोळ्या खात आणि त्यालाच नावं ठेवत.

"झाला व्हय रत्नाक्काचा सोपा?"

"दिसत न्हाय का?"

बनाबाईंनी लुगड्याचा घोळ धरला. उजवा पाय उचलून पहिल्या पायरीवर टेकवला, भार टाकला, तोंड वाकडं केलं आणि पाय खाली घेतला. भिंतीला हात लावून पुन्हा एकदा केलं. पुन्हा पाय खाली.

"लय उंच झालंय, आण्णा."

"समदी बुटकी म्हंत्यात. तुमचंच काय तरी येगळं."

"समद्यांचं गुडघं धड हाईत. रत्नाक्काचा पाय विटंएवढाच उचलायचा. ती व्यायामवाली पोरगी त्या लुगड्यातल्या विटंवर चढवायची न्हवं, दाराला धरून? त्येच्यावर एक बोट न्हाय. माझं बी तसंच." त्यांनी सोप्याकडं खालूनच बघितलं. "चांगला झालाय. येते मी."

या बाईला मापातलं काय कळतंय! बोलावून दाखवायचं, तोंड बंद करायचं, म्हणून नेमगोंडा लुगड्यातली वीट घेऊन आले आणि पहिल्या पायरीला लावली.

पायरी विटेच्या वर दोन बोटं होती.

दुसरीला लावली. तिथंही दोन बोटं. विटेखाली माल होता, विटेवर माल होता, त्याच्यावर फरशी. त्यांनी वीट मापली होती. पायरी मापलीच नव्हती.

बनाबाई कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. नेमगोंडांनी त्यांना हाक मारली नाही.

उन्हं कलली तेव्हा हातोड्याचा आवाज ऐकून सयाजीराव फाटकाशी आले. एक फरशी अख्खी निघाली होती, दुसरी तडकून पडली होती. लुगड्यातली वीट बाजूला, वाळूवर ठेवलेली.

"शेवटी पटलं म्हणायचं," सयाजीराव म्हणाले. "आता किती इंचाच्या करताय? सहा?"

नेमगोंडांनी वाकून फरशीखालच्या मुंग्या फुंकल्या.

"उंच झाल्यात," ते म्हणाले, आणि छन्नी पुन्हा टेकवली.