आईच्या खाटेचे जोड

या, बसा असे टेकून. एक गोष्ट सांगतो, पण मधेच "खरं का?" म्हणून विचारू नका. ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं तो ठिणग्यासुद्धा अजून स्वतःला तेच विचारतोय.

ठिणग्या म्हणजे आपला वेल्डर. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे करणारा. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक विटांची भिंत. भिंतीला लागूनच पलीकडे त्याच्या आईची खाट. लोखंडी पाइपची खाट, त्यानेच जोडलेली. म्हातारीचे गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर ती खाटेवर पडून भिंतीआडून लेकाच्या कामावर लक्ष ठेवायची. हातोडा जरा थांबला की तिकडून हाक यायची, "झोपलास का रे?"

या दुकानाची एक रीत होती, ठिणग्याच्या बापाने घालून दिलेली. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आला की पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरची लोखंडी टोपी काढायची. ती टोपी असते वरची पितळी तोटी झाकायला. पण गंजून अशी घट्ट बसते की ऐन कामाच्या वेळी निघता निघत नाही. बाप म्हणायचा, घरात आलेल्याने टोपी काढून बसावं. म्हणून सिलिंडर सगळे बोडक्या डोक्याने कोपऱ्यात उभे, आणि टोप्या दाराशेजारी खिळ्यांना टांगलेल्या. नवीन माणसाला वाटावं, आत पाहुणे बसलेत. सिलिंडरना साखळी बांधायचीही भानगड नाही. एवढं जड धूड, ते कुठे पळून जाणार?

त्या दिवशी ठिणग्याने एक मोठं फाटक पुरं केलं होतं. तुळईला लटकवलेल्या साखळीवर ते जमिनीपासून हातभर उचललेलं. रंगाच्या बाजूला न्यायचं म्हणून त्याने दोर धरून ओढलं. आधी काही केल्या हलेना. खांदा लावून, दात खाऊन ओढलं तेव्हा कुठे निघालं. निघालं तसं तो थांबला. फाटक थांबलं नाही.

हातगाडी ओढणाऱ्याला विचारा. रिकामी गाडी एका हाताने थांबते. भरलेली असली की माणूस थांबतो, गाडी नाही थांबत, ती माणसालाच पुढे रेटते. जड वस्तूला हलवायला जेवढा त्रास, थांबवायलाही तेवढाच. फाटक झुलत पुढे गेलं आणि कोपऱ्यातल्या सिलिंडरला लागलं. फार जोरात नाही. गर्दीत कुणाचा खांदा लागावा, तेवढंच.

सिलिंडर डुलला. ठिणग्याने दोर टाकून हात पुढे केला, मग मागे घेतला, कारण तेवढं वजन हातावर आलं असतं तर हात राहिला नसता. सिलिंडर आडवा झाला आणि त्याची मान पडली ती नेमकी ऐरणीच्या कडेवर. तोटी काडीसारखी मोडली.

फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून दिला तर काय होतं, ठाऊक आहे ना? वारा मागे सुटतो, फुगा पुढे पळतो. हेही तसंच. फरक एवढाच की हा फुगा दोन माणसांनी मिळून उचलायच्या लोखंडाचा, आणि आतला वारा दाबून दाबून कोंबलेला. मागच्या बाजूने वारा सुटला आणि सिलिंडर निघाला.

ठिणग्याने तो जाताना पाहिलाच नाही. समोर सिलिंडर होता, मग नव्हता. आवाज एवढा की त्याला वाटलं आपलं डोकंच फुटलं. नंतर कानांत नुसती शिट्टी. धुळीतून हळूहळू दिसायला लागलं, तर समोरच्या भिंतीला खाली, जमिनीलगत, भगदाड. खाटेच्या बरोबर जागी.

आणि हा उभा. आईला हाक मारावी तर तोंड उघडेना. धावावं तर पाय जणू कुणी जमिनीला वेल्ड करून टाकलेले. कानांना काही कळत नव्हतं, त्यामुळे पलीकडे कुणी रडतंय का, कण्हतंय का, की काहीच नाही, तेही समजेना. त्याच्या मनात एकच घोळत होतं. आपण आत बघत नाही तोवर ती आहे. बघितलं की संपलं.

स्वयंपाकघरातून बायको धावत आली. तिने भिंत पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तशीच मागे फिरून सासूच्या खाटेकडे धावली. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. काय म्हणाली ते आजवर त्याने विचारलेलं नाही.

शेवटी तो गुडघ्यांवर आला, रांगत गेला आणि भगदाडातून डोकं आत घातलं.

खाट जमिनीला टेकलेली. वर म्हातारी, गळ्यापर्यंत पांघरूण, अंगावर पिठासारखी विटांची धूळ. डोळे उघडे. डोळे हलले.

कसं झालं म्हणता? पेल्यावर पुठ्ठा ठेवा, पुठ्ठ्यावर सुपारी. पुठ्ठ्याला सणसणीत टिचकी मारा. पुठ्ठा उडून जातो, सुपारी त्याच्याबरोबर जात नाही, सरळ पेल्यात पडते. सिलिंडर भिंत फोडून आडवातिडवा झाला, खाटेच्या खालून गेला आणि चारही पाय झोडपून गेला. इतक्या झटक्यात, की वरच्या खाटेला आणि म्हातारीला हलायला फुरसतच मिळाली नाही. दोघी जागच्या जागी खाली आल्या. म्हातारीच्या अंगावर ओरखडा नाही.

ठिणग्याने तिचे पाय धरले आणि तिथेच बसून राहिला.  

तेवढ्यात मागच्या दारातून, म्हणजे जिथे दार होतं तिथून, गल्लीच्या टोकाचा गादीवाला आत आला. तोंड पांढरंफटक. म्हणाला, "तुमचं काहीतरी माझ्याकडे आलंय."

जाऊन बघितलं तर सिलिंडर त्याच्या कापसाच्या ढिगात भिंतीपर्यंत रुतलेला. विटांची भिंत आणि सागाचं दार त्याला अडवू शकले नाहीत. कापसाने हळूहळू कवळत कवळत थांबवला. गादीवाला पाण्याला म्हणून उठला होता. त्याच्या बसायच्या जागेवर आता खड्डा होता. त्या खड्ड्याकडे बघून तो मोठ्याने हसला, आणि मग पायरीवर बसून रडला.

आता टोप्या सिलिंडरच्या डोक्यावर असतात आणि प्रत्येकाच्या कमरेला साखळी असते. ते सगळं ठीक झालं. ठीक झाली नाही ती एक गोष्ट.

म्हातारी त्या वेळी झोपेत होती. तिला फक्त एवढं कळलं की आपण खाटेसकट खाली आपटलो. आवाजाने तिचा डावा कान कायमचा गेला, उजव्यानेही ओरडून सांगितलं तरच ऐकू येतं. भानावर आल्यावर तिचं पहिलं वाक्य असं, "जोड कच्चा निघाला रे तुझा. बापाच्या हाताचा असता तर मोडला नसता."

तेव्हापासून येईल त्याला ती हेच सांगते. लेकाचं वेल्डिंग कच्चं, सख्ख्या आईला खाली पाडलं. सुनेने खरं काय ते कानात ओरडून सांगितलं. पण सुनेचं ऐकेल ती सासू कसली? म्हणते, नवऱ्याला पाठीशी घालतेस, लोखंड कुठे उडतं का?

आणि ठिणग्या? सांगायला तोंड उघडतो, भिंतीकडे बघतो आणि परत दुकानात निघून जातो. खाटेचे ते पाय मी हात लावून बघितलेत. मधे दुमडलेत, पिचलेत, पण वरचा एकही जोड सुटलेला नाही. म्हातारी मात्र त्यांच्याकडे बघायलाही तयार नाही आणि तो तिचे टोमणे मुकाट ऐकून घेतो. परवा एक गिऱ्हाईक ते ऐकून काम न देताच परत गेलं.

तुम्ही परके आहात, आवाजही तुमचा खणखणीत. तुमचं ती ऐकेल. जाता जाता त्याच्याकडे थांबा, म्हातारीच्या उजव्या बाजूला बसा, तिचा हात धरून त्या मोडक्या खाटेच्या एका पायाला लावा आणि तो वरचा जोड तिला बोटांनी चाचपायला लावा. मग कानाशी तोंड नेऊन काय झालं ते सांगून टाका एकदा. एवढं कराल ना?