सोपानरावांच्या विहिरीपाशी

देवाशपथ सांगते, सोळा वर्षं भाकरी थापतेय, पण असलं नवल कधी बघितलं न्हाई.

महाळुंग्यात आमची खानावळ. आधी कामगारांची रांग लागायची. मग नवा रस्ता तिकडून गेला, आमची गल्ली मागं पडली, आन् जेवायला उरली सहा माणसं. सून संस्कृती म्हणाली, "आई, दसऱ्यापर्यंत बघू. नाही चाललं तर कुलूप लावू, मी कंपनीत पॅकिंगला जाते." चूल बंद झाल्यावर मी काय करू, आढ्याकडं बघत बसू?

मग तिनंच मोबाईल काढला. मी भाकरी थापतानाचा व्हिडिओ घेतला. "नीट धर की गं, हात काय कापतोय!" असं मी खेकसले, ते पण ठेवलं मेलीनं. मग खानावळ नकाशावर टाकायची म्हणून पत्ता विचारला.

"सोपानरावांच्या विहिरीपाशी. दुसरा कुठला?" मी म्हणाले, आन् तिला गच्चीवर नेऊन बोट करून दाखवलं.

सोपानराव माझे सासरे. विहीर त्यांनीच खणली. तिला देव मानायचे. काठावर कुणी चपला घालून चढलं, तर त्याची खैर नसायची. पुढं जमीन कंपनीला गेली, विहीर बुजवली, आता तिथं पार्किंग हाय. त्याला वीस वर्षं झाली, पण गाव अजून तोच पत्ता सांगतं. विहीर न्हाई, हे कुणी कुणाला सांगायचं? सून जुन्नरकडची, दोन वर्षांमागं आलेली. विहीर सापडली की खानावळ सापडेल, असा विचार करून तिनं खूण टेकवली ती थेट कंपनीच्या भिंतीआड.

व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला म्हणे. जेवायला मात्र तीच सहा डोकी. मी म्हणाले, "बघूनच पोटं भरली वाटतं!"

चौथ्या दिवशी दुपारी धोंडीबा धापा टाकत आला. हा कंपनीचा वॉचमन, आमच्या गावचाच.

"ठकूवहिनी, काय मांडलंय हे? शिफ्ट सुटल्यापासून गेटवर पोरं उभी हायेत. समदी विचारतात, काका, विहीर कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बुजवली म्हणलं. जागा दाखवली. तिच्यातच मी पोहायला शिकलो, तेबी सांगितलं." त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

मी तशीच पिठाच्या हातानं गेटवर गेले. तीसेक पोरं. लातूरची, परभणीची, बिहारची. हातात मोबाईल, तोंडं भिंतीकडं, आन् प्रत्येकाच्या तोंडी माझ्या सासऱ्याचं नाव. "चला रे, जेवायला," एवढंच बोलले. त्या दिवशी पीठ तीनदा आणावं लागलं.

संध्याकाळी सून खूण दुरुस्त करायला बसली. आमचे मालक, सोपानरावांचा लेक, कोपऱ्यात ऐकत व्हते. विहीर बुजवली त्या दिवसापासून या माणसानं तिचं नाव काढलं नव्हतं. गेट दिसू नये म्हणून लांबच्या वाटेनं जायचे. ते म्हणाले, "खानावळ आण जाग्यावर. पण विहीर तिथंच ऱ्हाऊ दे."

मग सुनेनं विहिरीची वेगळी खूण केली. आठ दिवसांत नकाशावर, कंपनीच्या निळ्या पत्र्यांच्या शेजारी, अक्षरं उमटली: सोपानरावांची विहीर. मी किती वेळ बघतच बसले. खाली कुणीतरी लिहिलंय, "पाणी दिसलं नाही, पण भाकरी गोड."

दसरा झाला, कुलूप काय लागलं न्हाई. रिक्षावाले आता "विहीर का?" असंच विचारतात.

काल मालक म्हणाले, "मला दाखव." मोबाईल घेऊन सून पुढं, आमी दोघं मागं. वीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या रस्त्याला लागले. गेटपाशी मोबाईल बोलला, "तुम्ही पोहोचलात."

मालक थांबले. डांबर तापलं व्हतं, तरी त्यांनी पायातल्या चपला काढल्या आन् हात जोडले. धोंडीबानं ते बघितलं. तो खुर्चीवरून उठला आन् कंपनीच्या बुटांची नाडी सोडायला खाली वाकला.